पट्टी, मामा आणि भाची : वय वाढलं की हात मंद होतो की बेभरवशाचा?

मिरजमार्ग | रविवार, दुपारी ३:४०

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. बाईंनी पट्टीचा प्रयोग दिलाय, बऱ्याच जणांना ठाऊक असेल. एकानं फूटपट्टी वरच्या टोकाला धरायची, दुसऱ्यानं खाली शून्यापाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवून थांबायचं. वरचा न सांगता सोडतो, खालच्यानं पकडायची. किती सेंटिमीटर निसटली त्यावरून रिअॅक्शन टाइम, म्हणजे दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ, काढायचा. सईला (वय १४) जोडीदार हवा होता आणि मी (वय ५९) रिकामा होतो. गेल्या वर्षी पतसंस्थेतून निवृत्त झाल्यापासून घरातल्या सगळ्या प्रयोगांना मीच सापडतो.

दहा-दहा वेळा केलं. आकडे सेंटिमीटरमध्ये :

सई : १७, १९, १८, १६, २०, १८, १७, २१, १९, १८
मी : १६, १७, १९, १५, २७, १८, १६, सुटली, १७, २६

सुटली म्हणजे सरळ फरशीवर. गंमत म्हणजे पट्टी खाली जाताना मला दिसली. चांगली दिसली. बोटं मिटली ती ‘खट्’ असा आवाज आल्यावर.

सईची सरासरी १८.३, माझी सुटलेली सोडून १९. तिनं वहीत लिहिलं, ‘मामा थोडा हळू आहे.’ मला ते पटेना. दहातल्या सहा वेळा मी तिच्या बरोबरीनं किंवा पुढे होतो. मग मध्येच कुठे गेलो होतो?

विचारायचं कारण वेगळं आहे. मागच्या महिन्यात विश्रामबाग चौकात सिग्नल हिरवा झालेला मला दिसला, तरी पाय उठला नाही. मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा गाडी हलली. बायको शेजारी होती. ती काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

तर वय वाढलं की सगळंच हळू होतं, की बहुतेक वेळा ठीक आणि अधूनमधून गायब, असं होतं? आणि अशा माणसानं गाडी चालवावी का?

टवाळ_टिल्लू | रविवार, दुपारी ३:५२

काका, धागा वाचून प्रतिसाद द्यायला मला १२ मिनिटं लागली. माझा प्रतिसादकाळ किती सेंटिमीटर धरायचा?

दूधसाय | रविवार, दुपारी ४:१५

टिल्लू, तुझी पट्टी अजून पडतेच आहे. :)

मिरजमार्ग, मला हे अगदी कळलं. चाळीस वर्षं दूध तापवतेय. दूध उतू जातं ते माझा हात मंद झालाय म्हणून नाही. फेस वर येताना बघितला की आजही गॅस त्याच क्षणी बंद होतो. उतू जातं ते ज्या दिवशी ओट्यापाशी उभी असूनही मी तिथे नसते त्या दिवशी. आधी असं महिन्यातून एकदा व्हायचं, आता आठवड्यातून एकदा होतं. एवढाच फरक.

नाना_७४ | रविवार, दुपारी ४:४०

ही सगळी घाबरवायची कामं आहेत. मी ५२ वर्षं स्कूटर चालवतोय. एकदाही कुणाला धक्का लागलेला नाही. पोरांची पट्टी पकडून कुणी गाडी चालवायची की नाही ते ठरवत नाही. निवृत्त झालात, जरा मोकळे फिरा.

सरासरीसखाराम | रविवार, सायंकाळी ६:०५

मिरजमार्ग, तुमच्या हिशेबात एक मोठी चोरी आहे, रागावू नका. सुटलेली पट्टी तुम्ही सरासरीतून काढून टाकलीत. म्हणजे सगळ्यात वाईट खेळी मोजलीच नाही. पतसंस्थेत थकलेली कर्जं सोडून वसुलीची टक्केवारी काढल्यासारखं झालं हे.

आता सरासरी बाजूला ठेवा. आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधला घ्या. सईचा मधला आकडा १८. तुमचा, सुटलेली पट्टी सगळ्यात शेवटी ठेवून, १७.५. म्हणजे तुमची नेहमीची पकड पोरीपेक्षा केसभर जलदच आहे! वहीतलं वाक्य खोडायला सांगा.

पण पसारा बघा. सईचं सगळं १६ ते २१ मध्ये. तुमचं १५ पासून थेट जमिनीपर्यंत. तुम्ही हळू झालेला नाहीत, तुम्हाला शेपूट फुटलंय. रिअॅक्शन टाइमचे आकडे कागदावर मांडले तर डावीकडे गर्दी आणि उजवीकडे लांबट शेपूट असंच चित्र येतं, तरुणांचंही. वय वाढताना गर्दीची जागा थोडी सरकते, शेपूट मात्र जास्त लांबतं.

दहा वेळा करून काहीही सिद्ध होत नाही, हेही सांगून ठेवतो. निदान चाळीस करा.

टवाळ_टिल्लू | रविवार, सायंकाळी ६:११

५९ व्या वर्षी शेपूट फुटलं. अभिनंदन काका.

स्टेथो | रविवार, रात्री १०:२०

ओपीडी संपवून आत्ता वाचतोय. सखारामनं मुद्द्याचं सांगितलंय, त्यात भर घालतो.

ब्रिटनमध्ये सात हजारांहून जास्त प्रौढांच्या आरोग्य पाहणीत रिअॅक्शन टाइम मोजला होता. जेफ डर आणि इयन डीअरी यांनी त्याचा अभ्यास २००६ मध्ये छापला. एकच दिवा, एकच बटण अशा साध्या चाचणीत पन्नाशीपर्यंत फारसा फरक पडत नाही, त्यानंतर वेग उतरू लागतो. पण चारांतलं योग्य बटण निवडायचं असेल तर तारुण्यापासूनच हळूहळू वेळ वाढत जातो. आणि त्याबरोबर एकाच माणसाच्या वेळांमधली चढउतारही वाढते. मिरजमार्ग, तुमच्या घरी पट्टीनं जे दाखवलं ते याच्याशी जुळतं. पट्टी ही साधी चाचणी आहे, निवड नाही, म्हणून तुमचा मधला आकडा टिकून आहे.

कारणं बरीच आहेत. मेंदूच्या भागाभागांना जोडणाऱ्या तंतूंवरचं आवरण वयानुसार झिजतं, डोपामिन कमी होतं. त्यामुळे लक्ष सतत एका पातळीवर धरून ठेवायला जास्त कष्ट पडतात. हात ठीक असतो, पण लक्षाची पकड क्षणभर ढिली होते, आणि नेमकी तेव्हाच पट्टी सुटते.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण मनात आहे त्याबद्दल. होय, ही चढउतार स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासांत बघतात. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या हल्ट्श आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या वेळा निरोगी वृद्धांपेक्षा आणि संधिवात असलेल्या वृद्धांपेक्षाही जास्त वरखाली होतात. म्हणजे केवळ दुखणं असल्यानं तेवढं होत नाही. पण ते गटांविषयीचं निरीक्षण आहे. घरी पट्टी सुटली म्हणून कुणी स्वतःचं निदान करू नये. उद्या माझ्या ओपीडीत पट्ट्या घेऊन रांग लागायला नको.

त्याऐवजी हे बघा. रात्री झोप किती झाली? घोरता का, दिवसा डुलकी लागते का? प्रयोग जेवणानंतर केला होता का? सर्दीची जुन्या धर्तीची गोळी (ज्यानं झोप येते ती), झोपेची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, थायरॉइड, बी१२ कमी असणं (शाकाहारी असाल तर आवर्जून), मोतीबिंदू. यांतलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं आहे.

मिरजमार्ग | रविवार, रात्री १०:५५

डॉक्टर, आपण माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? श्रीखंड-पुरीचं जेवण झालं होतं. आणि शुक्रवारपासून सर्दीची गोळी चालू आहे, पिवळी, छोटी, बायकोच्या डब्यातली. सिग्नलच्या दिवशी मात्र गोळी नव्हती. जेवण आठवत नाही.

दूधसाय | सोमवार, सकाळी ७:३०

श्रीखंड-पुरीनंतर पट्टी पकडली हाच विक्रम आहे.

नाना_७४ | सोमवार, सकाळी ८:०२

बघा. श्रीखंड निघालं.

मोटरमन_निवृत्त | सोमवार, सकाळी ११:१५

लोकलवर २२ वर्षं काढली, आधी मालगाडीवर असिस्टंट होतो. या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं मोटरमनचा हात विजेसारखा लागतो. तसं काही नसतं. बारा डब्यांची भरलेली गाडी वेगात असताना ब्रेक लावला की थांबायला शेकडो मीटर लागतात. तिथं हात अर्ध्या दशांश सेकंदानं हळू असला तर काय होतंय? काहीच नाही. पण दोनशे सिग्नल व्यवस्थित बघून दोनशे एकाव्याला मन दुसरीकडे गेलं की संपलं. लाल सिग्नल ओलांडला, ज्याला आम्ही स्पॅड म्हणतो, की गाडीवरून उतरवतात, मग चौकशी. आमच्या धंद्यात वेगाला कुणी विचारत नाही. रोज, दर वेळी, तेच आणि तसंच करतो का, एवढंच बघतात.

म्हणून सगळी व्यवस्था त्या एका चुकणाऱ्या क्षणासाठी केलेली असते. डेड मॅन हँडल सतत दाबून धरायचं, हात सुटला की ब्रेक लागतो. मेल-एक्स्प्रेसवर लोको पायलट आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नलचा रंग मोठ्यानं सांगतात, हात दाखवून सांगतात. नवीन असताना हसू यायचं, समोर दिसतंय तर ओरडायचं कशाला? नंतर कळलं. नुसतं बघितलं की डोळा बघतो, ओरडून सांगितलं की माणूस बघतो. पीएमई, म्हणजे डॉक्टरी तपासणी, तीही वय वाढेल तशी जवळजवळ येते.

मिरजमार्ग, सिग्नलला थांबलात की ‘लाल’ म्हणा, बदलला की ‘हिरवा’ म्हणा. मोठ्यानं. मी अजून म्हणतो. नातवंडं हसतात.

कळफलक | सोमवार, दुपारी १:००

वा, मोटरमन साहेब. ‘डोळा बघतो, माणूस बघतो’ वहीत लिहून घेतलं.

माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे, साताऱ्याजवळ. पूर्वी रेमिंग्टन यंत्रं होती, आता संगणक. मराठी ३० शब्दांच्या परीक्षेला बसणारी मुलं आणि बढतीसाठी ४० ची परीक्षा द्यायला येणारी पन्नाशीची कारकून मंडळी, दोन्ही माझ्याकडे असतात. मुलांची बोटं जलद. पण मजकूर वाचायची रीत बघा. मुलं एक शब्द बघतात, एक शब्द मारतात. जुने लोक डोळ्यानं तीन-चार शब्द पुढे असतात, बोटं मागून येतात. अमेरिकेतल्या टिमथी सॉल्टहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षांच्या टंकलेखकांवर हेच दाखवलं होतं. वयानं प्रत्येक टिचकी हळू होते, पण पुढे वाचून ठेवायची सवय ती कसर भरून काढते.

एक माझं निरीक्षण, संशोधन नव्हे. जुन्या लोकांना मध्येच अनोळखी आडनाव किंवा इंग्रजी शब्द आला की ते सपशेल थांबतात. तिथे पुढे वाचून ठेवायची सोय चालत नाही.

लेगस्टंप | सोमवार, दुपारी २:३०

आता क्रिकेट आणलंच पाहिजे. रिफ्लेक्सेस वयानं गेले असते तर विजय मर्चंटनं १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध चाळिशी ओलांडून १५४ कशा काढल्या? ती त्याची शेवटची कसोटी. सचिननं ग्वाल्हेरला २४ फेब्रुवारी २०१० ला पुरुषांच्या वन-डेतलं पहिलं द्विशतक ठोकलं तेव्हा तो ३६ चा होता. १४५ च्या वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत साधारण ०.४५ सेकंदात येतो. कुठे गेलं तुमचं शेपूट?

सरासरीसखाराम | सोमवार, दुपारी ३:१०

लेगस्टंप, तू माझंच काम केलंस.

पीटर मॅक्लाउडनं १९८७ मध्ये दाखवलं की चेंडू अचानक वळला तर त्यावर हालचाल बदलायला कसलेल्या फलंदाजालाही सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे तुझ्या-माझ्याइतकेच. मग तो खेळतो कसा? गोलंदाजाच्या हातावरून टप्पा ओळखून. नंतर, २००० मध्ये, लँड आणि मॅक्लाउड यांनी फलंदाजांच्या डोळ्यांचा माग काढला. चेंडू सुटताना नजर त्यावर, मग नजर उडी मारून टप्प्याच्या जागी आधीच जाऊन बसते. चांगल्या फलंदाजाची उडी आधी पडते. कळफलकताईंच्या जुन्या कारकुनांसारखंच, डोळा पुढे.

आणि तुझा खेळच या धाग्याचा सगळ्यात क्रूर पुरावा आहे. पन्नास चेंडू मस्त खेळले आणि एक चुकला की तंबूत. फलंदाजाची सरासरी आपण धावांची काढतो, पण त्याला बाद करतं ते शेपूट.

लेगस्टंप | सोमवार, दुपारी ३:१४

बरं. हे आवडलं. तरी मर्चंटचे १५४ मी सोडणार नाही.

टवाळ_टिल्लू | सोमवार, दुपारी ३:२०

अवांतर : गल्लीत ३६ व्या वर्षी मी टेनिस बॉलवर बाद होतो. गोलंदाजाचं वय ९.

प्रयोगवही | सोमवार, रात्री ९:००

विज्ञान शिक्षिका आहे, दरवर्षी या पट्ट्या पकडून घेते. सईसाठी काही टिपा.

पट्टी पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे आधी प्रत्येक अंतराचा वेळ काढा, मगच सरासरी. सेंटिमीटरची सरासरी काढून तिचा वेळ काढू नका. १५ सेंमी म्हणजे ०.१७५ सेकंद, २० म्हणजे ०.२०, २७ म्हणजे जवळपास ०.२३५. आणि ३० सेंमीची पट्टी फक्त ०.२५ सेकंदापर्यंतच मोजते! त्यापुढचं सगळं ‘सुटली’. म्हणजे मामांचं शेपूट किती लांब आहे ते या पट्टीला कळूच शकत नाही.

दुसरं टोकही बघा. कुणी ५ सेंमीच्या आत पकडली तर त्याला शाबासकी देऊ नका. ते ०.१ सेकंदाच्या आतलं झालं, म्हणजे अंदाजानं मिटलेली बोटं. धावण्याच्या शर्यतीत हाच नियम आहे, बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललं की फाउल. २०२२ मध्ये अमेरिकेत यूजीनच्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीतून डेव्हन अॅलन ०.०९९ ला बाहेर पडला. हजाराव्या भागानं. सोडणाऱ्यानं एकाच ठेक्यात पट्टी सोडली तरी असे अंदाज जमतात, म्हणून मनात कधी दोन, कधी सात मोजून सोडा.

आणि मामांच्या प्रश्नाला धरून एक जास्तीचा प्रयोग. सोडणाऱ्यानं दोन्ही हातांत एकेक पट्टी धरायची, त्यातली एकच सोडायची. पकडणाऱ्यानं फक्त तोच हात मिटायचा. डॉक्टर म्हणाले ती निवडीची चाचणी हीच. पण त्याला मीटरपट्ट्या लागतील, फूटपट्टी पुरणार नाही. मीटरभर पडायला ०.४५ सेकंद मिळतात.

टोरांटोकर | मंगळवार, पहाटे ४:३५

इकडे ऑन्टारिओत ८० पूर्ण झाली की दर दोन वर्षांनी लायसन्स नव्यानं काढावं लागतं. डोळे तपासतात, वर्गात बसवून माहिती देतात आणि दोन छोट्या कागदी चाचण्या घेतात. एकीत घड्याळाचं चित्र काढायचं, दुसरीत अक्षरांच्या गर्दीतून ठरावीक अक्षर खोडत जायचं. रिअॅक्शन टाइम मोजत नाहीत. माझे सासरे दोन्ही वेळा पास झाले. घरी येऊन म्हणाले, घड्याळ काढायला लावतात, पण ‘किती वाजता निघालात’ ते विचारत नाहीत.

नाना_७४ | मंगळवार, सकाळी ९:१०

आपल्याकडे ५५ नंतर दर पाच वर्षांनी लायसन्स. सोबत फॉर्म १ए, डॉक्टरी दाखला. मागच्या वेळी मी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी मान वर न करता सही केली. मी म्हटलं, एकदा डोळे तरी बघा. ते म्हणाले, नाना, तुम्ही इथवर स्कूटरवर आलात ना?

आणि हे सर्वांना सांगतो, मी बेजबाबदार नाही. दिवेलागणीनंतर मी स्कूटर काढत नाही. हायवेवर उजवीकडे वळत नाही, पुढे जाऊन पुलाखालून फिरून येतो. पावसात तर नाहीच.

कळफलक | मंगळवार, सकाळी ९:४०

नाना, म्हणजे तुम्हीही तीन शब्द पुढे वाचताय.

नाना_७४ | मंगळवार, सकाळी ९:४४

मी फक्त पुलाखालून जातो.

दक्षिणपूर्व | मंगळवार, दुपारी १२:००

धागा वाचनखुणांत टाकला. एक जुना किस्सा. ग्रिनिचच्या वेधशाळेत १७९६ मध्ये तिथल्या प्रमुखानं, मॅस्कलिननं, आपल्या मदतनीसाला, किनब्रुकला, काढून टाकलं. तारा दुर्बिणीतल्या उभ्या रेघेवरून सरकण्याची वेळ हा माणूस मॅस्कलिनपेक्षा जवळपास ०.८ सेकंदानं उशिरा नोंदवायचा. बरीच वर्षं गेल्यावर जर्मनीत बेसेल या खगोलवेत्त्याच्या हे वाचनात आलं. त्यानं नामवंत खगोलवेत्त्यांचीच एकमेकांशी तुलना केली, तर प्रत्येकाचा काटा वेगळा निघाला. मोठ्या लोकांचा फरक ‘वैयक्तिक समीकरण’ ठरला. किनब्रुकची मात्र नोकरी गेली ती गेलीच. नोंदींची रीत गोंधळाची म्हणून.

स्टेथो | मंगळवार, दुपारी २:१५

मस्त किस्सा. त्यावरून आठवलं. झोपेच्या संशोधनात पीव्हीटी नावाची चाचणी वापरतात, १९८५ पासून. दहा मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं, दोन ते दहा सेकंदांत कधीही आकडे पळू लागतात, बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला की ती ‘चूक’ मोजतात. जागरण झालेल्या विशीतल्या मुलाचं चित्र कसं दिसतं? बहुतेक प्रतिसाद ठीकठाक, आणि मध्येच मोठमोठी भगदाडं. म्हणजे मिरजमार्गांचं श्रीखंडानंतरचं चित्र. रात्रभर मोबाईल बघून सकाळी बाइकवर निघालेला पोरगा आणि ५९ चे मामा, दोघांची पट्टी सारखीच सुटू शकते. आपण मात्र एकाला तरुण म्हणून सोडून देतो.

टवाळ_टिल्लू | मंगळवार, दुपारी २:२२

डॉक्टर, मी रात्री ३ ला झोपलो. हे वैयक्तिक होतंय.

मिरजमार्ग | पुढचा रविवार, दुपारी १२:३०

आठवडाभर गोळी बंद. सखारामांच्या हुकुमाप्रमाणे चाळीस-चाळीस केलं. सोडायला सई, मनात वेगवेगळे आकडे मोजून.

शनिवारी सकाळी, चहा झाल्यावर, ४० वेळा : मधला आकडा १८, तीन वेळा २५ च्या पुढे, दोन वेळा सुटली.
शनिवारी दुपारी, जेवणानंतर (आमटी-भात, श्रीखंड नाही), ४० वेळा : मधला १८.५, पाच वेळा २५ च्या पुढे, सहा वेळा सुटली.
सई, ४० वेळा : मधला १८, एकदा सुटली. त्या वेळी तिचा मोबाईल वाजला होता, म्हणून ती मोजायची नाही असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मोजायची. थकलेली कर्जं सोडता येत नाहीत.

मग दोन पट्ट्यांचा खेळ. मीटरपट्ट्या मिळेनात, तर गल्लीतल्या कापडवाल्याकडून कापड मोजायचे दोन लोखंडी मीटर आणले. तो विचारत होता, मामा, पडदे करताय का? फरशी फुटू नये म्हणून खाली गोधडी घातली. वीस-वीस वेळा. सईचा मधला आकडा ५२, माझा ६४. म्हणजे तिचे ०.३२६ सेकंद, माझे ०.३६. इथे मी खरंच हळू आहे, प्रत्येक वेळी थोडाथोडा. चुकीचा हात मात्र तिनं चार वेळा मिटला, मी एकदा. तिचं म्हणणं, मामा घाबरत पकडतो.

सरासरीसखाराम | रविवार, दुपारी १:०५

दोन आणि सहा हा फरक ४० मध्ये योगायोगानंही पडू शकतो, लगेच आमटीला दोष देऊ नका. पण ‘घाबरत पकडतो’ हे वाक्य सोन्याचं आहे. वाढत्या वयात माणूस चूक टाळायला थोडा जास्त पुरावा गोळा करतो आणि मग हात हलवतो, असं मानसशास्त्रवाले म्हणतात. रॅटक्लिफ यांच्या प्रयोगांतून हे पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे तुमच्या मंदपणातला काही भाग शरीराचा, काही भाग सावधपणाचा.

मोटरमन_निवृत्त | रविवार, दुपारी १:३०

एकदा चुकला, चार वेळा नाही. मी तुम्हाला गाडी दिली असती.

मिरजमार्ग | रविवार, दुपारी २:००

धन्यवाद साहेब. गाडीचं असं ठरवलंय. जेवण झाल्यावर चालवायची नाही. रात्रीचं कोल्हापूरला जाणं बंद, बस बरी. बी१२ तपासायला दिलंय, रिपोर्ट बुधवारी. आणि काल मिरजेला जाताना चौकात थांबलो तेव्हा मोठ्यानं ‘लाल’ म्हटलं. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही. हिरवा झाला तेव्हा तीच माझ्याआधी म्हणाली.

दूधसाय | रविवार, दुपारी २:१०

आणि गाडी हलली का लगेच?

मिरजमार्ग | रविवार, दुपारी २:१२

हलली. मागच्यानं तरी हॉर्न मारलाच.